स्टिकर नको, नंबर सांगा : सेकंडहँड लॅपटॉपवरचे वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात शेवटी सहज एक ओळ टाकली होती, जुना लॅपटॉप भंगारात द्यायच्या आधी मला एकदा विचारा म्हणून, आणि त्यानंतर इनबॉक्स असा काही भरला की माझाच लॅपटॉप भंगारात द्यावा असं वाटायला लागलं. जवळजवळ सगळे प्रश्न ठाणे आणि नवी मुंबईतूनच आलेत. त्यात नवल काही नाही, ऐरोली-रबाळे-महापे पट्ट्यातल्या कंपन्या ठरावीक वर्षांनी मशीन बदलतात, जुनी लॉटने बाहेर पडतात आणि फिरून आपल्याच स्टेशनजवळच्या दुकानात येऊन बसतात. मी स्वतः महाप्याला एका कंपनीत पंधरा वर्षं सिस्टिम सांभाळत होतो, असे कितीतरी लॉट माझ्या हातून खोक्यात भरून गेलेत, त्यामुळे आत काय असतं ते थोडंफार माहितीय. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी कळवलंय, म्हणून फक्त गाव लिहितोय.

प्रश्न : मुलीला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला लॅपटॉप हवाय. एका दुकानात आयसेव्हन, 8 जीबी रॅम, 256 ची एसएसडी 17,000 ला देतायत. शेजारच्याच दुकानात तेवढीच रॅम, तेवढीच एसएसडी पण आयफाइव्ह, आणि तो मात्र 18,500 म्हणतोय. आयसेव्हन स्वस्तात मिळतोय तर तोच घ्यावा ना? (कोपरखैरणे)

उत्तर : नाही दादा, थांबा जरा. तुम्ही बरोबर फोटो पाठवलेत म्हणून बरं झालं. आयसेव्हनवाला आहे 6600यू आणि आयफाइव्हवाला आहे 8250यू. यातला पहिला आकडा म्हणजे पिढी, एक सहावी आणि दुसरी आठवी (पाच आकडी नंबर असेल, म्हणजे 10210 वगैरे, तर पहिले दोन आकडे धरायचे, ती दहावी). आता गंमत बघा, त्या सहाव्या पिढीच्या आयसेव्हनमध्ये कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) दोनच आहेत आणि आठव्या पिढीच्या आयफाइव्हमध्ये चार. स्टिकरवर आय किती लिहिलंय यावर जाऊ नका, सातवी ते आठवी ही उडी या लॅपटॉपांमध्ये सगळ्यात मोठी होती. शिवाय विंडोज 11 ला मायक्रोसॉफ्टने इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) अशी अट घातलीय, काही मोजके अपवाद सोडले तर सातवी आणि त्याखालची मशीन अधिकृतपणे बसत नाहीत. दुकानदार ते इकडून तिकडून टाकून देतो, चालतंही, पण पुढे एखादं मोठं अपडेट नाकारलं गेलं की तुम्ही परत त्याच्या काउंटरवर. म्हणून 1,500 जास्त द्या आणि आयफाइव्हच घ्या.

पण पैसे मोजायच्या आधी दुकानातच अर्धा तास बसा. तो कंटाळेल, कंटाळू दे. स्टिकर बदललेले असतात म्हणून सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि मग अबाउट इथे प्रोसेसरचा नंबर स्वतः वाचा. नोटपॅड उघडून कीबोर्डवरचं एकेक बटण दाबा, स्पेस आणि शिफ्टसकट. पांढरं पान फुल स्क्रीन करून डाग दिसतात का बघा, मग काळं करून कडेने प्रकाश गळतोय का ते. सगळ्या यूएसबीत पेनड्राइव्ह लावून बघा, दुकानाचं वायफाय नको, तुमच्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावा, कॅमेरा आणि माइकसाठी घरी एक व्हिडिओ कॉल करा. स्क्रीन हळूहळू मागे-पुढे करून बिजागरीचा आवाज ऐका, बिजागरीपाशी बॉडीला चीर असेल तर सोडून द्या, ते दुखणं वाढतच जातं.

बॅटरीबद्दल 'तीन तास चालते' या तोंडी बोलण्याला अर्थ नाही. कमांड प्रॉम्प्ट उघडायचा आणि इंग्रजीत पॉवरसीएफजी, मग एक स्पेस, मग स्लॅश देऊन बॅटरीरिपोर्ट असं टाइप करायचं, एक फाइल तयार होते. त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात. नवी होती तेव्हा 48,000 आणि आज 24,000 असेल तर बॅटरी निम्मी संपलीय, तेवढे पैसे घासाघीस करून कमी करून घ्या. ती काही भाव पाडायची ट्रिक नाही, खरंच तेवढा खर्च तुमच्या डोक्यावर येणारच आहे.

रॅम पुढे वाढवता येईल का हेही आत्ताच विचारा, कारण यात लोक फार फसतात. सारख्या दिसणाऱ्या नावांत मोठा फरक असतो. थिंकपॅड टी480 ला रॅमचे दोन स्लॉट आहेत. त्याच्याच शेवटी एस लागला, टी480एस, की थोडी रॅम बोर्डावरच चिकटवलेली आणि स्लॉट एकच. एक्स280 घेतला तर सगळीच चिकटवलेली, म्हणजे जेवढी आली तेवढीच जन्मभर. पातळ आणि हलका लॅपटॉप दिसायला छान असतो पण सेकंडहँडमध्ये मी जाडाच घेईन. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि 'टेस्टिंग वॉरंटी' किती दिवसांची ते पण त्याच बिलावर.

प्रश्न : लॅपटॉप घेतला, घरी येऊन फॉरमॅट मारला, विंडोज सुरू होताना वायफाय जोडलं तर एका कंपनीचं नाव आणि लोगो येऊन तिथला ईमेल आयडी मागतोय. दोनदा परत फॉरमॅट केला, तेच. दुकानदार म्हणतो इंटरनेट न जोडता विंडोज टाका. (घणसोली)

उत्तर : दुकानदार म्हणतो तसं करून आज चालेल, पण पुढच्या फॉरमॅटला परत तेच. झालंय असं की कंपनीने हे मशीन मायक्रोसॉफ्टकडे आपलं म्हणून नोंदवून ठेवलंय आणि विकताना ती नोंद काढलेली नाही. मशीनच्या हार्डवेअरची ओळखच तिकडे नोंदलेली असते, त्यामुळे तुम्ही डिस्क बदला, विंडोज दहा वेळा टाका, इंटरनेट लागलं की ते ओळखणार. नोंद काढू शकते फक्त ती कंपनी. माझ्या काळात लॉट पाठवताना ही नोंद काढायची राहिली की भंगारवाल्याचा फोन यायचा, आणि खरं सांगतो, पाच मिनिटांचं काम असायचं, यादीत सीरियल शोधायचा आणि डिलीट. तर दुकानदाराला सांगा, ज्याच्याकडून लॉट उचललास त्याच्यामार्फत कंपनीकडून हे काढून दे, नाहीतर दुसरं मशीन दे. दोन्ही करत नसेल तर पैसे परत. कारण अशी नोंद न काढलेलं मशीन हे विसरलेलं असू शकतं तसं ढापलेलंही असू शकतं, आणि चोरीची वस्तू माहीत असून ठेवणं हा गुन्हा आहे.

हीच गोष्ट बायोसच्या (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, मशीनच्या मूळ सेटिंगच्या) पासवर्डची. दुकानात मशीन सुरू करताना एकदा बायोसमध्ये जाऊन बघायचंच, लेनोवो थिंकपॅडला एफ1, डेलला एफ2, एचपीला एफ10. तिथे पासवर्ड मागितला तर ते मशीन घेऊ नका. आतला सेल काढला की पासवर्ड जातो असं कोणीतरी सांगेल, खूप जुन्या मशीनला जायचा, कंपनीवाल्या लॅपटॉपांना जात नाही.

प्रश्न : मी घरी सातवी ते दहावीच्या ट्यूशन घेते. भावाने त्याचा जुना लॅपटॉप दिलाय, आयफाइव्ह 4300यू, 4 जीबी रॅम, 500 जीबी हार्डडिस्क, विंडोज 10. चालू व्हायला सात-आठ मिनिटं लागतात, मुलं वही काढून बसतात तरी हा फिरतच असतो. दुकानात म्हणाले यात काही अर्थ नाही, नवा घ्या. पेपर टाइप करणं, व्हिडिओ दाखवणं आणि झूम, एवढंच काम आहे. (नौपाडा, ठाणे)

उत्तर : ताई, नवा घेऊ नका. तुमच्या मशीनचा प्रोसेसर म्हातारा असला तरी धडधाकट आहे, अडलंय ते हार्डडिस्कवर. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, डिस्कच्या रकान्यात 100 टक्के दिसेल, माझी पैज. हार्डडिस्कमध्ये खरोखरची तबकडी फिरत असते आणि एक सुई पुढे-मागे जाऊन माहिती शोधते. मोठी एक फाइल सलग वाचायची असेल तर ती सेकंदाला 100 एमबीच्या आसपास देते, पण विंडोज सुरू होताना हजारो बारीक फायली इकडून तिकडून वाचायच्या असतात, तेव्हा सुई नुसती धावत बसते आणि वेग सेकंदाला एखाद-दुसऱ्या एमबीवर येतो. गोखले रोडवर संध्याकाळी सहाला रिक्षा जशी जाते तसं. एसएसडीत माहिती चिपवर साठवतात, तिथे सुईच नाही.

तेव्हा पहिला खर्च एसएसडीचा. तुमच्या मशीनला अडीच इंची साटा (हा जोडणीचा प्रकार) एसएसडी लागेल, 256 पुरेल, व्हिडिओ खूप साठवत असाल तर 512. दुसरा खर्च रॅमचा, आणखी 4 जीबी. यात एक नीट लक्षात ठेवा, तुमच्या पिढीला डीडीआर3एल लागते, शेवटचा एल महत्त्वाचा, ती 1.35 व्होल्टवर चालते. साधी डीडीआर3 ही 1.5 व्होल्टची, दिसायला तशीच, खाचेत बसतेही, पण मशीन सुरू होत नाही. आणि डीडीआर4 मुळात बसणारच नाही, खाच वेगळी आहे. दुकानात जुनी रॅम काढून सोबत घेऊन जा आणि 'अशीच द्या' म्हणा, मॉडेल नंबर पाठ करण्यापेक्षा ते सोपं. त्याआधी टास्क मॅनेजरमध्येच परफॉर्मन्स आणि मेमरी असं गेलात की किती स्लॉट भरलेत ते लिहून येतं.

आता ज्याच्यावर लोक घाई करतात ते. जुनी डिस्क जशीच्या तशी एसएसडीवर उतरवून द्या, क्लोन करून द्या, असं दुकानात सांगू नका. भावाने आठ-नऊ वर्षांत टाकलेला सगळा कचरा पण सोबत येईल, तीन तीन अँटिव्हायरस, कुठलं तरी प्रिंटरचं सॉफ्टवेअर, आणि मग एसएसडी टाकूनही हळूच आहे म्हणून तुम्ही मला शिव्या घालाल. विंडोज कोरी टाका. 8 जीबीचा पेनड्राइव्ह आणि मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं मोफत टूल एवढंच लागतं, विंडोजची 'की' म्हणजे लायसन्सचा नंबर विकत घ्यायची गरज नाही, या मशीनवर आधी विंडोज 10 चालू होतं आणि त्याचं लायसन्स बोर्डाशी जोडलेलं असतं, इंटरनेट लागलं की आपोआप चालू होतं. दुकानदार 'विंडोजचे वेगळे' म्हणाला तर ते त्याच्या बसण्याच्या वेळेचे म्हणून द्या, लायसन्सचे म्हणून नको.

आणि हे सगळं करायच्या आधी फोटो आणि पेपर दुसरीकडे उतरवून घ्या. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते डिस्कची तब्येत सांगतं, त्यात कॉशन असं पिवळं दिसलं तर त्याच दिवशी उतरवा, रविवारची वाट बघू नका. डिस्क चांगली निघाली तर एक छोटं केसिंग (यूएसबीला लागणारा डबा) घेऊन तिची बाहेरची डिस्क करा, मुलांच्या पेपरांचा बॅकअप तिच्यावर. पंखा खोलून घेतलाच आहे तर साफ करून प्रोसेसरवरची पेस्ट बदलायला सांगा, इतक्या वर्षांची पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असते आणि मशीन गरम झालं की प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो. एवढं करून मिनिटाच्या आत सुरू झालं नाही तर मला परत लिहा. पण यापुढे या मशीनवर एक रुपया घालू नका, नवी स्क्रीन नको, नवी बॅटरी नको, प्लगला लावून चालवा. विंडोज 10 चं काय करायचं ते शेवटच्या काकांना लिहिलंय, तेही वाचा, तुम्हालाही लागू आहे.

प्रश्न : ऑनलाइन एम.टू एसएसडी मागवली, एनव्हीएमई. स्लॉटमध्ये बसली पण लॅपटॉप दाखवतच नाही. एसएसडी खराब आहे का? (ऐरोली)

उत्तर : बहुतेक नाही. एम.टू हे फक्त पट्टीच्या आकाराचं नाव आहे, आतली भाषा दोन प्रकारची असते, साटा किंवा एनव्हीएमई. जुन्या पिढीच्या बऱ्याच लॅपटॉपांत स्लॉट एम.टू असतो पण बोलतो फक्त साटाच. मी स्वतः हा धडा शिकलोय, दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर उन्हात फिरून आणलेली पट्टी ठाण्याला येऊन लावली आणि बायोसमध्ये शून्य. परत नेली तर 'ओपन झाली' म्हणून घेतली नाही, आणि त्याचं चुकलं असंही म्हणता येणार नाही. शेवटी ती केसिंगमध्ये घालून वापरतोय. तुम्ही परत पाठवायची मुदत आहे तोवर पाठवा आणि मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये स्टोरेज कुठलं चालतं ते बघून मग मागवा.

प्रश्न : रोज चालू केला की तारीख काही वर्षं मागे जाते आणि कुठलीच वेबसाइट उघडत नाही, सुरक्षित नाही म्हणतो. व्हायरस आहे का? (कळवा)

उत्तर : व्हायरस नाही, सेल संपलाय. मदरबोर्डवर घड्याळासाठी एक बटणसेल असतो, बहुतेक सीआर2032. तो मेला की तारीख मागे जाते, आणि वेबसाइटच्या सुरक्षेच्या सर्टिफिकेटला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते, तुमचा लॅपटॉप 2015 मध्ये राहत असेल तर आजचं सर्टिफिकेट त्याला अजून जन्मलेलंच नाही. काही लॅपटॉपांत हा सेल वायर आणि छोट्या कनेक्टरसकट येतो, तसाच मागा. चिल्लर काम आहे, कोणी मदरबोर्ड बदला म्हणालं तर उठून या.

प्रश्न : टचपॅड हल्ली वर आल्यासारखं वाटतं, क्लिक नीट होत नाही. टचपॅड किती पर्यंत बदलून मिळेल? (दिवा)

उत्तर : आधी चार्जर काढा आणि लॅपटॉप बंद करा, उत्तर नंतर वाचा. टचपॅडला काही झालेलं नाही, त्याच्या खालची बॅटरी फुगलीय. वरून दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, टोचलं गेलं तर पेट घेते. कारागिराकडे न्या, तो बॅटरी काढेल, ती मात्र ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायची नाही, ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यायची. ती काढल्यावर टचपॅड आपोआप खाली बसेल.

प्रश्न : लॅपटॉप चार्जिंगला असताना मनगटाला बारीक झिणझिण्या येतात. (कामोठे)

उत्तर : मेटल बॉडी असेल. चार्जरच्या तीन पिनांना दोन पिनांचा अडॅप्टर लावलाय का, किंवा एक्स्टेन्शन बोर्डाला अर्थिंगच नाहीये का, ते बघा. तीन पिनांचा प्लग थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावून झिणझिण्या थांबल्या तर अडॅप्टर फेकून द्या. नाही थांबल्या तर वायरमनला बोलावून घराचं अर्थिंग तपासा, आणि लोकल डुप्लिकेट चार्जर असेल तर तोही बदला. चार्जरवर पैसे वाचवायचे नाहीत.

प्रश्न : मी निवृत्त आहे. 2016 चा लॅपटॉप आहे, सहावी पिढी, विंडोज 10. आता मायक्रोसॉफ्टने ते बंद केलं म्हणतात. बँकेचं काम करू का नको? मुलगा म्हणतो लिनक्स टाका. माझं लिखाण सगळं श्रीलिपीत आहे, सोसायटीच्या नोटिसा, आठवणी, सगळं. (वर्तकनगर, ठाणे)

उत्तर : काका, 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला, म्हणजे लॅपटॉप बंद पडला असं नाही, फक्त सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या येणं थांबलं. घरगुती लोकांसाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव मुदत ठेवली आहे, 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नावनोंदणीची लिंक दिसते, तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवलात तर पैसे लागत नाहीत. एवढं आजच करा. तोवर बँक चालू ठेवायला हरकत नाही.

मुलगा सांगतो ते पुढचं पाऊल म्हणून बरोबरच आहे. लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टिम) तुमच्या मशीनवर छान पळेल, आत्ताची बाविसावी आवृत्ती 2029 पर्यंत सांभाळली जाणार आहे, आणि मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे पेनड्राइव्हवरूनच चालू करून बघता येतं, डिस्कवर काहीही न टाकता. चार दिवस तसं वापरा, वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, प्रिंटर ओळखतोय का. मराठीसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारतीय भाषांत मराठी निवडलं की इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड मिळतो, उच्चाराप्रमाणे टाइप करायचा फोनेटिकही आहे. सोसायटीचा हिशोब टॅलीत असेल किंवा डिजिटल सहीचा डोंगल वापरत असाल तर मात्र विंडोज सोडू नका, मुलाला सांगा त्यासाठी एक मशीन ठेव म्हणून.

अडचण लिनक्सची नाहीये, श्रीलिपीची आहे. जुन्या श्रीलिपीत टाइप केलेलं अक्षर हे खरं तर मराठी अक्षर नसतंच, इंग्रजी अक्षरांवर मराठी चित्र चढवलेलं असतं, फॉन्ट गेला की पानभर चिन्हांचा खिचडा. हे तुमच्यासोबत विंडोज 11 वर सुद्धा होईल, नवा लॅपटॉप घेतलात तरी होईल. म्हणून आत्ता सगळं नीट दिसतंय तोवर दोन कामं करा. एक, प्रत्येक फाइलची पीडीएफ काढून ठेवा, ती कुठेही तशीच दिसते. दोन, ज्या फायलींत पुढे बदल करावे लागणार त्या कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये करून घ्या आणि एकदा डोळ्यांखालून घाला, जोडाक्षरं आणि रफार हमखास गडबडतात. नोटिसा राहिल्या तरी चालतील, पण आठवणींची फाइल आधी घ्या.